‘ह्यू लिंडसे’ सुएझला २१ दिवसांत पोचली की ३३?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात लिहिलंय की मुंबईत बांधलेल्या ‘ह्यू लिंडसे’ या आगबोटीने १८३० साली मुंबई ते सुएझ हे अंतर २१ दिवसांत कापलं. दुसऱ्या पुस्तकात ३३ दिवस दिलेत. खरं कुठलं? ती लढाऊ बोट होती की टपालाची? आणि पहिली फेरी एवढी गाजली, तर नियमित सेवा सुरू व्हायला पुढे सात-आठ वर्षं का लागली?

मी इतिहासाचा माणूस नाही. तीसेक वर्षं बोटींच्या इंजिनरूममध्ये काढली, त्यातली सुरुवातीची वाफेवर. त्यामुळे माझं उत्तर डेकवरून नाही, खालून, बॉयलरच्या तोंडासमोरून येणार. या बोटीबाबत ते बरंच आहे असं मला वाटतं, कारण हिची सगळी कहाणी कोळशाची आहे. कॅप्टन, गव्हर्नर, संचालक सगळे येतात, पण निर्णय शेवटी बंकरमध्ये, म्हणजे बोटीतल्या कोळशाच्या कोठीत, किती उरलंय त्यावरच झाले.

आधी आकड्यांचा घोळ सोडवू. बोट मुंबईहून निघाली २० मार्च १८३० रोजी आणि सुएझला लागली २२ एप्रिलला. म्हणजे घरून निघाल्यापासून दारात पोचेपर्यंत जेमतेम ३३ दिवस. पण त्यात इंजिन चालू होतं ते साधारण २१ दिवस आणि काही तास. उरलेले अकरा-बारा दिवस ती वाटेतल्या बंदरांत नांगर टाकून उभी होती, आणि त्यातला मोठा वेळ कोळसा चढवण्यात गेला. म्हणजे दोन्ही पुस्तकं आपापल्या जागी बरोबर आहेत. एकाने एस्टी चालू असतानाचा वेळ मोजला, दुसऱ्याने थांब्यांसकट. एक सूचना जाता जाता: जुन्या लॉगबुकांत ‘दिवस’ बऱ्याचदा मध्यरात्रीऐवजी भर दुपारी बाराला बदलायचा, त्यामुळे कुठे एखादी तारीख एकाने पुढेमागे दिसली तर लगेच चूक समजू नका.

आता बोट. बांधली मुंबईच्या गोदीत, नौरोजी जमशेटजी वाडिया यांच्या देखरेखीखाली. ही तीच गोदी, जिथे जहाजं दुरुस्त होण्याबरोबर अस्सल सागवानात नवी घडवली जायची. नवारिनोच्या लढाईत ब्रिटिश ॲडमिरलचं निशाण ज्या ‘एशिया’वर होतं ती इथलीच. ज्या ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ साली नानकिंगचा तह झाला तीही इथलीच. ‘त्रिंकोमाली’ तर अजून इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. पण ही सगळी शिडाची जहाजं. वाडियांच्या घराण्याला शीड, डोलकाठी, सागवानाचे वासे हे रक्तातच होतं. ‘ह्यू लिंडसे’ मात्र पोटात लोखंडी धूड घेऊन जाणारी होती. १४ ऑक्टोबर १८२९ ला ती पाण्यात उतरली. ४११ टनांची, दोन्ही बाजूंना वल्ह्यासारख्या पात्यांची मोठी चाकं, आणि आत प्रत्येकी ८० अश्वशक्तीची दोन इंजिनं, लंडनच्या मॉडस्ले कारखान्याची. शीडही होतं अर्थात. त्या काळात शिडाशिवाय समुद्रावर जायला कोणी शहाणा कप्तान तयार झाला नसता, आणि पुढे तुम्हाला दिसेल की त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

‘८० अश्वशक्ती’ वाचून आजच्या मोटारीशी तुलना करू नका. ही ‘नामधारी’ अश्वशक्ती, म्हणजे सिलिंडरचा व्यास आणि दट्ट्याचा वेग ठराविक सूत्रात घालून कागदावर काढलेली. खरी ताकद थोडी वेगळी असायची. वाफेचा दाब तर ऐकून हसू येईल: त्या काळच्या बोटींवर बाहेरच्या हवेपेक्षा चार-पाच पौंड जास्त. तुमच्या स्वयंपाकघरातल्या कुकरचा दाब त्याच्या तिप्पट असतो. मग एवढ्या मुळमुळीत वाफेवर बोट चालायची कशी? दट्ट्याला ढकलायचं बरंचसं काम निर्वात करायची. सिलिंडरमधून बाहेर पडलेल्या वाफेवर थंड समुद्राचं पाणी शिंपडायचं, वाफ क्षणात आक्रसायची आणि दट्ट्याच्या त्या बाजूला पोकळी तयार व्हायची. दुसऱ्या बाजूची वाफ मग त्याला जोरात रेटायची. युक्ती झकास आहे, पण तिच्यामागे एक दुखणं लागून येतं. त्याच्याकडे पुढे येतो.

लढाऊ की टपालाची, या प्रश्नाला सरळ उत्तर असं की ती ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराची बोट होती. बांधणी चालू असताना त्या आरमाराचं नाव ‘बॉम्बे मरीन’. ती पहिल्या फेरीवर असतानाच, १ मे १८३० पासून, नाव बदलून ‘इंडियन नेव्ही’ झालं. कप्तान कमांडर जॉन विल्सन याच आरमारातला. म्हणजे बोट, कप्तान, शिस्त, सगळं लष्करी, आणि काम टपालाचं. त्या काळी या दोन गोष्टींत आजच्यासारखी भिंत नव्हती. सरकारी हुकूम आणि लष्करी खलिते हेच मुळी टपाल होतं. पुढे गरज पडली तेव्हा याच बोटीने सैन्यही वाहिलं, तेही सांगतो.

मुंबईला वाफेचा ध्यास आधीपासून होता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने गव्हर्नर असताना १८२३ सालीच तांबड्या समुद्रातून वाफेचं टपाल सुरू करा म्हणून लिहिलं होतं. वर कोणी ऐकलं नाही. तिकडे कलकत्त्याचा ओढा केप ऑफ गुड होपच्या वळशाकडे. १८२५ साली ‘एंटरप्राइज’ नावाची आगबोट इंग्लंडहून त्या वाटेने कलकत्त्याला पोचली खरी, पण तिला ११३ दिवस लागले. चांगलं शिडाचं जहाजही सुमारे तेवढ्यात येतं, त्यामुळे सगळा उत्साह मावळला. एल्फिन्स्टननंतर मुंबईला आला सर जॉन माल्कम. इथे एक गंमत बघा. जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर. त्याचा भाऊ सर चार्ल्स माल्कम मुंबईच्या आरमाराचा सुपरिंटेंडेंट. आणि दुसरा भाऊ सर पुल्टेनी माल्कम ब्रिटिश भूमध्य ताफ्याचा सरसेनापती, माल्टात बसलेला. म्हणजे मुंबईहून सुएझ, तिथून उंटावर आणि नाईलवरून अलेक्झांड्रिया, आणि पुढे माल्टा, ही अख्खी साखळी एकाच घरात होती. सरकारी कागदांत याला योजना म्हणतात. आमच्याकडे याला ‘घरचं कार्य’ म्हणतात.

आता मुद्द्यावर, म्हणजे कोळशावर येऊ.

बोट बांधताना बंकरची जागा धरली होती ती साधारण साडेपाच दिवसांच्या कोळशाची. मुंबई ते एडन अंतर सुमारे १,६५० सागरी मैल. शांत समुद्रात सहा-साडेसहा नॉटने गेलं तरी अकरा दिवस लागणार. म्हणजे बोट घडवतानाच ती जिथे जायची तिथे पोचणार नाही हे ठरलेलं होतं! हे कसं झालं, यावर मी पुष्कळ विचार केला. माझा तर्क असा की आराखडा करणाऱ्यांच्या डोक्यात नदी आणि किनारा होता, कारण तोवर आगबोटी तिथेच चालत होत्या. काहीही असो, विल्सनसमोर प्रश्न होता अकरा दिवसांचा कोळसा साडेपाच दिवसांच्या जागेत बसवायचा. त्याने काय केलं? बंकर भरला, मग मालाची जागा भरली, मग केबिनी भरल्या आणि उरलेला डेकवर रचला. बोट पाण्यात इतकी खाली बसली की तिची पिछाडी जवळजवळ पाण्याच्या पातळीला टेकली.

किती कोळसा असेल? त्या काळच्या इंजिनांना एका नामधारी अश्वशक्तीमागे तासाला सुमारे चार किलो कोळसा लागायचा, असं धरून मी कागदावर मांडलं. १६० अश्वशक्ती, म्हणजे तासाला ६४० किलो. दिवसाला पंधरा टनांहून जास्त. अकरा दिवसांचा झाला १७० टनांच्या आसपास, ४११ टनी बोटीत! हा माझा अंदाज आहे, जमाखर्चाच्या वहीतला आकडा नव्हे, पण फार लांब नसावा.

ज्यांनी चाकाची बोट चालवलेली नाही त्यांच्या लक्षात येत नाही ती गोष्ट आता सांगतो. प्रोपेलर पाण्याखाली किती खोल आहे याने फार बिघडत नाही. चाकाचं तसं नाही. चाकाची पाती पाण्यात ठराविक खोलीवरच बुडायला हवीत. पातं पाण्यात शिरताना आणि बाहेर येताना शक्य तितकं उभं असेल तर ते पाणी मागे ढकलतं आणि बोट पुढे जाते. बोट जास्त बसली की चाक खोल बुडतं. मग पातं शिरताना पाण्याला खाली दाबतं आणि निघताना वर उपसतं. इंजिन दमतं, चाक सावकाश फिरतं, कोळसा तेवढाच जळतो आणि बोट रेंगाळते. म्हणजे ‘ह्यू लिंडसे’ निघाली तेव्हा तिच्याकडे भरपूर कोळसा होता पण चाकं धड चालत नव्हती. रोज पंधरा टन कमी होत गेले, बोट वर येत गेली, चाकं सुधारत गेली. आणि चाकं जेव्हा अगदी हवी तशी पाण्यात बसली असतील, तेव्हा कोळसा संपत आला होता. त्यात बोट एका बाजूला कलली की त्या बाजूचं चाक बुडतं आणि दुसऱ्या बाजूचं हवेत भणभणतं. डेकवर रचलेला कोळसा दोन्ही बाजूंनी सारखा जळला नाही तर हे दुखणं कायमचं. म्हणून कुठल्या ढिगातून आधी घ्यायचं हे कोणीतरी सतत बघत राहिलं असणार. आमच्या वेळी हे काम सारंगाचं, म्हणजे खलाशांच्या मुकादमाचं, आणि त्याला ते कागदावर मांडून दाखवावं लागत नसे.

दुसरं दुखणं मघाशी म्हटलं ते. बॉयलरात गोडं पाणी नव्हतं, समुद्राचंच होतं. वाफ थंड करायला समुद्राचं पाणी शिंपडायचं, ते आणि वाफेचं पाणी एकत्र व्हायचं, आणि तेच परत बॉयलरात. एक टन समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ किलो मीठ असतं. पाण्याची वाफ होऊन निघून जाते, मीठ मागे राहतं. एक किलो कोळशाने सहा-सात किलो पाण्याची वाफ होते असं धरा. मग दिवसाला पंधरा टन कोळसा म्हणजे शंभरेक टन पाणी, म्हणजे रोज तीन-साडेतीन टन मीठ बॉयलरात गोळा. हे बाहेर काढायचा एकच मार्ग: दर काही तासांनी बॉयलरच्या तळाचा नळ उघडून ते दाट, उकळतं खारं पाणी समुद्रात सोडायचं आणि त्या जागी ताजं भरायचं. याला आम्ही ‘ब्लोडाउन’ म्हणतो. पण उकळतं पाणी फेकलं म्हणजे ते उकळायला जाळलेला कोळसाही फेकला. कमी फेकावं तर मीठ नि चुना पत्र्यावर घट्ट बसतो, उष्णता आत जात नाही, आणि पत्रा लाल होऊन फुगतो. मुंबईहून निघालेल्या माणसाला कोळसा वाचवायचा की बॉयलर, हे दर पाळीला ठरवायचं होतं. त्यात तांबडा समुद्र अरबी समुद्राहून जास्त खारा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी चौथा इंजिनिअर असताना एका बोटीवर (नाव सांगत नाही) कंडेन्सरची (वाफेचं परत पाणी करणाऱ्या यंत्राची) एक नळी चिरली आणि रात्रभरात थोडं खारं पाणी बॉयलरच्या पाण्यात मिसळलं. पाळीवरच्या माणसाने तपासणीच्या वहीत आदल्या दिवसाचाच आकडा उतरवून ठेवला होता. तो माणूस मीच. पुढच्या बंदरात बॉयलर थंड करून आत शिरलो तेव्हा नळ्यांवर करडा-पांढरा थर होता, खापरीसारखा. नखाने निघेना. छिन्नीने ठोकला की टिचून पापुद्रे पडत. दोन दिवस मी आणि हर्णैचा एक जुना तेलवाला आत आडवे पडून तो काढत होतो, एका हातात बॅटरी, नाकातोंडात धूळ. तो म्हणाला, “साहेब, दर्याचं पाणी भायेर ऱ्हायलं तर दर्या आपला.” आमच्याकडे ती चूक एका रात्रीची. विल्सनच्या बोटीवर खारं पाणी हीच रीत होती.

तर ३१ मार्चला ‘ह्यू लिंडसे’ एडनला पोचली. अकरा दिवस. तेव्हा बंकरमध्ये सहा तास पुरेल एवढा कोळसा उरला होता. माझ्या हिशेबाने चार टनांपेक्षा कमी, रेती वाहणाऱ्या लहान ट्रकमध्ये मावेल एवढा. एक दिवस उलटा वारा लागता तर पुढे शीडच.

एडनला कोळसा होता, तो आधीच पाठवून ठेवलेला. तो तिथे आला कसा हे ऐकण्यासारखं आहे. इंग्लंडच्या खाणीतून निघालेला कोळसा शिडाच्या जहाजांत भरून केपला वळसा घालून मुंबईला यायचा. मुंबईहून परत शिडाच्या जहाजांतच तांबड्या समुद्रात जायचा. या फेरीसाठी ‘थेटिस’ नावाचं कंपनीचं ब्रिग, म्हणजे दोन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज, तो पोचवायच्या कामावर आधीच गेलं होतं. म्हणजे शिडावर मात करणारी ही आगबोट पावलोपावली शिडाच्या पाठीवर बसून चालत होती. एडनला तो कोळसा भरायला माणसं मिळेनात, पाच-सहा दिवस तिथेच गेले. तेव्हा एडन हे लहेजच्या सुलतानाचं उजाड बंदर, जुन्या वैभवाचे भग्न अवशेष आणि थोडी वस्ती. टोपल्यांनी कोळसा वाहणाऱ्यांच्या टोळ्या नंतरच्या. पुढच्या फेऱ्यांत म्हणून एडन सोडून मकल्ला बंदर वापरून बघितलं. मग मोखा, जेद्दा, कोसैर करत बोट सुएझला पोचली.

जाता जाता वॅगहॉर्नचा उल्लेख करतो, कारण या विषयावर लिहिणारा प्रत्येक जण त्याला नायक करतो. थॉमस वॅगहॉर्न हा खटपट्या माणूस १८२९ च्या अखेरीस लंडनहून निघून सुएझला आला, आगबोट भेटेल म्हणून. बोट आलीच नाही. मग उघड्या होडीतून तांबड्या समुद्रात जेद्दापर्यंत गेला, तिथे ‘थेटिस’ने त्याला घेतलं, आणि तो मुंबईत उतरला २१ मार्च १८३० रोजी. ‘ह्यू लिंडसे’ निघून एक दिवस झाला होता! माणसाची जिद्द मोठी होती, पुढे त्याने मिसरच्या वाळवंटातून टपाल नेण्याची व्यवस्था उभी केली ती खरीच कौतुकाची. पण समुद्रावरचं पहिलं काम विल्सन आणि त्याच्या आगवाल्यांनी केलं, आणि त्यांचे पुतळे नाहीत.

पत्रं किती नेली? काही शेच. एवढ्या कोळशावर एवढीच पत्रं, म्हणजे पैशाचा हिशेब उघडच आतबट्ट्याचा. पण वेळेचा हिशेब वेगळा. केपच्या वाटेने पत्र जायला चार ते सहा महिने लागायचे. या वाटेने ते सुमारे दोन महिन्यांत लंडनला पोचू शकतं हे सिद्ध झालं. बोट मे अखेरीला, पावसाळा तोंडावर असताना, मुंबईला परतली.

आता तिसरा प्रश्न: मग एवढी वर्षं का लागली? कंपनीचे लंडनमधले संचालक खूश होण्याऐवजी चिडले. खर्च बघून त्यांनी अशा फेऱ्यांना नकार दिला. गंमत अशी की बोटीला नाव दिलं होतं कंपनीचा अध्यक्ष राहिलेल्या ह्यू लिंडसेचं. ज्यांना बोट नको होती त्यांच्याच माजी प्रमुखाचं नाव नाळेवर! मुंबई सरकारने मात्र हात आखडता घेतला नाही. डिसेंबर १८३० मध्ये खुद्द जॉन माल्कम गव्हर्नरपद सोडून मायदेशी निघाला तो याच बोटीतून, कोसैरपर्यंत. मग १८३२ च्या आणि १८३३ च्या सुरुवातीला पुन्हा. संचालक नाही म्हणत आणि मुंबई बोट पाठवत राही, असं काही वर्षं चाललं.

महिने बघा: डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. जून ते सप्टेंबर कधीच नाही. कारण नैर्ऋत्य मोसमी वारा. पश्चिमेला जायचं म्हणजे त्या वाऱ्याच्या तोंडात जायचं, आणि १६० अश्वशक्तीची चाकाची बोट त्या लाटांत जागच्या जागी दळण दळत राहील. कोकणातला कुठलाही मच्छीमार नारळी पौर्णिमेआधी होडी लोटत नाही. विल्सनच्या इंजिनाला तोच नियम लागू होता. मग वर्षात आठच महिने चालणारं टपाल कोणाला हवं, हा संचालकांचा सवाल अगदीच चुकीचा नव्हता. त्यात एकच बोट. एका बोटीच्या दोन फेऱ्यांमध्ये बॉयलर साफ करायला, पत्रे बदलायला जो वेळ जातो त्यात महिनावार सेवा बसतच नाही. नियमित सेवेला तीन-चार बोटी लागतात आणि एक गोदीत पडलेली असते असं धरूनच चालावं लागतं. हे आजच्या फेरीबोटवाल्यालाही विचारा.

१८३४ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीने या सगळ्याची चौकशी केली. एक वाट तांबड्या समुद्राची, दुसरी इराणी आखातातून युफ्रेटिस नदीची. दुसरी वाट आजमावायला कर्नल चेस्नीची मोहीम निघाली, दोन बोटी सुटे भाग करून सीरियाच्या किनाऱ्यावरून ओढत नदीवर नेल्या. १८३६ साली त्यातली ‘टायग्रिस’ वादळात बुडाली. आणि आखाताच्या टोकाला टपाल घेऊन त्या मोहिमेच्या भेटीला गेली कोण, तर आपली ‘ह्यू लिंडसे’. एकच जुनी बोट, पण दोन्ही वाटांच्या परीक्षेला तीच हजर. मला तर ती गावातल्या त्या एकमेव जीपसारखी वाटते, जिच्यातून वरातही जाते आणि पेशंटही.

१८३७ मध्ये चित्र बदललं. ‘अटलांटा’ आणि ‘बेरेनिस’ या खास बांधलेल्या, तिच्याहून बऱ्याच मोठ्या आगबोटी केपवरून मुंबईला आल्या आणि नियमित टपाल सुरू झालं. पुढच्या वर्षी ‘सेमिरामिस’. ‘ह्यू लिंडसे’ आता ताफ्यातली लहान नि म्हातारी, पण बसून राहिली नाही. इराणच्या शाहाने अफगाणिस्तानातल्या हेरातला वेढा दिला होता, म्हणून दबाव आणायला १८३८ च्या जूनमध्ये मुंबईहून आखातातल्या खार्ग बेटावर फौज पाठवली गेली, त्यात ‘सेमिरामिस’बरोबर हीसुद्धा होती. तुमच्या ‘लढाऊ की टपालाची’ या प्रश्नाचं उत्तर इथे पूर्ण होतं. फौज मुंबई इलाख्यातली होती. खलाशीही याच किनाऱ्यावरचे, कारण रत्नागिरी आणि गोघा या दोन ठिकाणांहून त्या आरमाराची भरती मोठ्या प्रमाणावर व्हायची. आगवाला, कोयलावाला, तेलवाला, सारंग, तांडेल हे शब्द माझ्या नोकरीपर्यंत टिकले, इंजिनं बदलली तरी.

या बोटीचा सगळ्यात मोठा परिणाम मात्र तिच्या स्वतःच्या डेकवर घडला नाही. १८३० साली ती सहा तासांच्या कोळशावर एडनला लागली तेव्हाच हे स्पष्ट झालं की मुंबई आणि सुएझच्या मध्ये हक्काची कोळशाची वखार हवी. आधी सोकोत्रा बेट बघितलं. १८३५ मध्ये तिथे फौज उतरवली, तापाने माणसं झोपली, बेट सोडावं लागलं. मग नजर एडनवर. १८३७ च्या सुरुवातीला ‘दर्या दौलत’ हे जहाज एडनजवळ फुटलं, लुटलं गेलं, आणि कॅप्टन हेन्सला बोलणी करायला निमित्त मिळालं. बोलणी फिसकटली. १९ जानेवारी १८३९ रोजी ‘व्होलाज’ आणि ‘क्रूझर’ या युद्धनौकांच्या तोफांखाली एडन घेतलं. त्यानंतर ते जवळपास शंभर वर्षं मुंबईशी जोडलेलं राहिलं. वासुदेव बळवंत फडके ज्या तुरुंगात १८८३ साली वारले तो एडनचा तुरुंग त्यामुळेच मुंबई सरकारच्या हाताखाली होता. शाळेत आम्हाला ‘एडनला पाठवलं’ एवढंच शिकवलं, एडनच का हे कोणी सांगितलं नाही. त्याच्या मुळाशी कोळशाचा ढीग आहे.

गोदीतही काही बदललं. नौरोजींच्या घराण्यातल्याच अर्देशिर कर्सेटजींनी शीड सोडून वाफेचा नाद धरला. १८३३ साली त्यांनी ‘इंडस’ नावाची छोटी आगबोट पाण्यात उतरवली, पुढे इंग्लंडला जाऊन यंत्रविद्या शिकले, १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचे मुख्य इंजिनिअर म्हणून परतले. त्यांच्या हाताखाली गोरे फोरमन काम करत. त्या काळात याला काय धैर्य लागलं असेल! १९६९ मध्ये आपल्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं.

कंपनीच्या बोटींनी मुंबई–सुएझ टपाल १८५४ पर्यंत चालवलं, मग ते पी अँड ओ कंपनीकडे गेलं. इंडियन नेव्ही १८६३ मध्ये मोडली.

तेव्हा परीक्षेत आकडा विचारला आणि पर्यायांत दोन्ही असतील, तर प्रश्नाचा शब्द नीट वाचा. ‘प्रवासाला किती दिवस लागले’ असेल तर ३३. ‘वाफेवर किती दिवस चालली’ असेल तर २१. आणि पर्यायांत फक्त २१ असेल तर तोच लिहा, मार्क सोडू नका.